आधी सगळ्यात गडद

१

“टॅबलेट हातात दिला, की बसेल ती जागेवर,” माझा नवरा म्हणाला.

“आणि तिला दिसलं तर?” सासूबाईंनी विचारलं.

“दिसलं तरी बोलायची नाही. ते बघूनच केली आहे.”

मी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन जिना उतरत होते. स्वयंपाकघराची खिडकी जिन्यात उघडते, हे त्या घरात जन्मलेल्या माणसाला माहीत असायला हवं होतं. पण आपल्या खिडक्या कुठे उघडतात हे घरच्यांच्या कधी लक्षातच येत नाही. हातातल्या ढिगात सगळ्यात वर त्याचाच निळा शर्ट होता. मी तो कठड्यावर फेकला. मग उचलला, झटकला आणि त्याची घडी घातली. गप्प बसणाऱ्या बायकांचा राग असा घड्यांमध्ये जातो.

‘बघून केली’ म्हणजे उंची, रंग, शिक्षण वगैरे बघतात, असा माझा समज होता. बघायला आले तेव्हा मी जेमतेम बोलले होते आणि ते सगळ्यांना फार आवडलं होतं. माझ्या आईला तर सगळ्यात जास्त. ती मला लहानपणापासून ‘मुकी बाहुली’ म्हणायची, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या मुकेपणाचा काही उपयोग झाला होता.

मी खाली पोचले. नवरा दारातच होता.

“अगं, एवढे सगळे एकटीने आणलेस?”

“वाळले होते,” मी म्हटलं.

तो हसला. पारख बरोबर निघाल्यासारखा.

मला काय दिसायचं होतं, ते मात्र कळलं नव्हतं.

२

चित्रकलेच्या कॉलेजात माझं शेवटचं वर्ष होतं. शिक्षण पूर्ण करणार, एवढी एकच अट मी लग्नाआधी घातली होती, आणि सगळ्यांनी “हे काय विचारणं झालं” म्हणून ती हसत मान्य केली होती. तोवर मी कोळसा आणि तैलरंग यांत हात काळे करत आले होते. शेवटच्या सत्रात डिजिटल स्पीड पेंटिंग आलं. घरी मी एवढंच म्हणाले होते की कॉलेजातल्या मशीनवर सराव करायला थोडं उशिरापर्यंत थांबावं लागेल. लगेच त्याच आठवड्यात नवऱ्याने टॅबलेट आणला. काळी गुळगुळीत काच, सोबत पेन. “आता सगळं घरीच बसून करता येईल तुला,” तो म्हणाला. वर्गातल्या मुलींना माझा हेवा वाटला. एकीने विचारलंही, तुझ्या नवऱ्याला भाऊ आहे का.

शिकवणारे सर नवीन होते. वेळ संपली की ते तोंडाने लांबलचक शिट्टी मारायचे, म्हणून शिट्टी सर.

“अर्धा तास,” पहिल्या दिवशी ते म्हणाले. “एक लेयर, एक जाड ब्रश. अनडू नाही. चुकलं तर चुकीच्या अंगावरच पुढचा फटका मारायचा. विषय असा, की रोज संध्याकाळी तुम्ही जिथे बसता ती खोली. आठवणीतून. डोळे किलकिले करा, म्हणजे तपशील गळून पडतो आणि नुसते आकार उरतात. त्यातलं आधी सगळ्यात गडद काय आहे ते टाका, मग त्याहून फिकट, मग उजेड. विचार करू नका. विचाराला वेळ दिलेलाच नाहीये.”

काचेवर पेन चालवायची मला सवय नव्हती. कागद हाताला धरून ठेवतो, कॅनव्हास तर भांडतोच. इथे साबणाच्या वडीवरून घसरल्यासारखं होत होतं. पहिली काही मिनिटं माझी नुसती चिडचिड झाली. मग ते जिन्यातलं बोलणं आठवलं, आणि ती चिडचिड हातात उतरली. मी फटके मारत सुटले. टीव्हीचा निळसर उजेड, सोफ्यावर सासऱ्यांचा ढीग, वेताच्या खुर्चीत सासूबाई, त्यांच्या मागे पॅसेज. शिट्टी वाजली तेव्हा माझे दात दुखत होते, इतके मी ते आवळून धरले होते.

सर माझ्या मागे येऊन थांबले.

“पहिल्यांदा करताय? खोटं वाटतं. ही बाई फार छान बसली आहे. खुर्चीत जिरून गेली आहे.” मग ते थोडे वाकले. “आणि हा मागचा कोण? बसलाय की वाकलाय?”

“तो पॅसेज आहे, सर.”

“पॅसेजला खांदे नसतात,” सर म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

मी चित्राकडे डोळे किलकिले करून पाहिलं. खांदे होते.

३

घर तसं साधं. बैठकीची खोली, एका बाजूला स्वयंपाकघर, आणि कोपऱ्यातून आत जाणारा पॅसेज. पॅसेजच्या डाव्या हाताला दोन खोल्या, उजवी भिंत कोरी, टोकाला बाथरूम. पॅसेज चांगला ऐसपैस. दोन माणसं एकमेकांना न लागता जातील. तरी घरातलं प्रत्येक माणूस डाव्या भिंतीला खेटून चालायचं. त्या भिंतीवर खांद्याच्या उंचीवर रंग घासून घासून एक तुकतुकीत पट्टा पडला होता.

मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, उजवीकडच्या फरश्या हलत असतील. मीही खेटून जायला लागले. स्विचबोर्डाचा कोपरा रोज दंडाला लागून तिथे काळंनिळं झालं होतं. कारण मी विचारलं नाही. नव्या सुनेने मीठ कुठे ठेवता ते विचारावं, भिंतीला का घासता ते विचारू नये.

पॅसेजच्या तोंडाशी सासूबाईंची खुर्ची. पाठ पॅसेजकडे. भाजी निवडणं, पेपर, फोन, टीव्ही, सगळं तिथेच. त्या आंघोळीला किंवा स्वयंपाकघरात गेल्या, की सासरे हातातलं सोडून तिथे येऊन बसायचे. घर रिकामं ठेवायचं नाही, हा एक नियम होता. बाहेर पडायचं तर कोणीतरी मागे राहणार, आणि ते कोणीतरी म्हणजे सासूबाई. त्या आमच्या लग्नालाही आल्या नव्हत्या. गुडघा दुखतो म्हणाले. मुलाच्या लग्नाला आईच नाही, म्हणून माझी आई हळहळली होती. मी लग्न होऊन घरात शिरले तेव्हा त्या याच खुर्चीत होत्या. बसल्या बसल्याच त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “आलीस का गं बाई एकदाची.”

मला तेव्हा ती माया वाटली होती.

त्या संध्याकाळी मी चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबले आणि डोळे किलकिले केले. सहज. गृहपाठ म्हणून. टीव्हीच्या कडा विरघळल्या. सासरे म्हणजे एक राखाडी गोळा झाले, सासूबाई जरा काळपट. पॅसेजमध्ये ट्यूबलाइट चालू होती, त्यामुळे तिथे खरं म्हणजे सगळ्यात फिकट असायला हवं होतं. तिथे सगळ्यात गडद होतं. सासूबाईंच्या खांद्यापासून ते वर गेलं होतं, आणि त्यांच्यात आणि त्याच्यात कड नव्हती. दोन आकार एकाच छटेचे असले की मधली कड हरवते, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.

डोळे उघडले. पॅसेज, ट्यूबलाइट, कोरी भिंत.

“काय गं, डोळ्यांत काही गेलं का?” सासूबाईंनी विचारलं.

सासऱ्यांचा पेपर हलायचा थांबला. समोरचं माणूस आपल्या मागे टक लावून बघत असेल, तर आपण वळून बघतो. कोणीही बघेल. सासूबाई वळल्या नाहीत. त्यांची मान तेवढी ताठ झाली.

“हो, गेलंय काहीतरी,” मी म्हटलं.

“चोळू नकोस,” सासरे म्हणाले. “राहू दे तसंच. त्रास होत नाही मग.”

४

मी काही भोळी नाही. दिवसभर काचेकडे बघून डोळे शिणतात. पापण्या मिटत आल्या की त्यांचीच सावली पडते. जिन्यातलं बोलणं मनात घर करून होतं, आणि मन काय वाटेल ते दाखवतं. ही सगळी कारणं मी स्वतःला समजावली, आणि शिवाय एक उपायही काढला. उन्हाच्या वेळी सासूबाई खुर्चीत पेपर वाचत असताना मी फोनवर खोलीचा फोटो घेतला. तो टॅबलेटवर उघडला. त्यात ड्रॉपर नावाचं एक साधन असतं. चित्रात जिथे टेकवाल तिथला नेमका रंग ते उचलून देतं. मन खोटं बोलेल, ड्रॉपर बोलत नाही.

मी तो खुर्चीच्या मागे टेकवला. फिकट पिवळसर. थोडा वर टेकवला. फिकट. डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे पॅसेजची उजळ भिंत. मी मोठ्याने हसले. आमच्या खोलीत मी एकटीच होते.

मग म्हटलं, आता हाच फोटो समोर ठेवून अर्धा तास सराव करू. फोनवर गजर लावला आणि सुरुवात केली. या वेळी मी मुद्दाम उजेडापासून सुरू केलं, सरांनी सांगितल्याच्या उलट. पिवळसर भिंत भरली. सोफा भरला. मध्ये कधीतरी हाताने वेग घेतला, आणि वेग घेतला की आपण बघत नाही, नुसते टाकत जातो.

गजर वाजला. भिंत नव्हती. जी फिकट भिंत मी स्वतः आधी भरली होती, तिच्यावर ते होतं. आदल्या चित्रात ते पॅसेजमध्ये होतं. आता खुर्चीच्या पाठीला टेकून होतं आणि सासूबाईंच्या केसांवर ओणवं झालं होतं. दुसऱ्याच्या हातातला पेपर आपणही वाचायला माणूस वाकतो ना, तसं.

मी चित्र पुसून टाकलं. मागून नवऱ्याचा आवाज आला.

“काय काढतेस?”

“खोली. बैठकीची.”

तो रिकाम्या काचेकडे बघत राहिला. माझ्याकडे नाही.

“होते सवय हळूहळू,” तो म्हणाला.

“कशाची?”

“टॅबलेटची,” तो म्हणाला. “आणखी कशाची?”

५

दोन-तीन दिवसांनी कॉलेजातून आले तर माझं टेबल खोलीतून निघून बैठकीत पोचलं होतं. पॅसेजच्या तोंडाशी. वेताच्या खुर्चीवर माझी उशी. सासूबाई सोफ्यावर होत्या, अगदी कडेला, पाहुण्यासारख्या. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

“इथे उजेड चांगला येतो,” नवरा म्हणाला.

उजेड कुठून येतो, हे मला शिकवायला निघाला होता. त्या जागी दिवसभरात एक कवडसा पडत नाही. मी इतकी वर्षं दुसरं काय शिकले होते?

“माझी खोली बरी होती,” मी म्हटलं.

“बसून तर बघ,” सासरे म्हणाले. “नाही आवडलं तर बघू.”

मी बसले. याचा राग मला अजून येतो. तिघंही माझ्याकडे बघत होते आणि कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं. नजरा माझ्या चेहऱ्यापर्यंत येऊन थांबत होत्या, पुढे खांद्यावरून मागे जाऊ नयेत म्हणून आवरलेल्या. मग नवऱ्याने टीव्ही लावला. सासऱ्यांनी चष्मा पुसला. जसं काही माझं इथे बसणं नेहमीचंच.

मागे काही गार नव्हतं. वारा नाही, वास नाही. मी अगदी स्थिर बसले होते, श्वाससुद्धा धरून. आणि खुर्चीचा वेत करकरला. हळू, लांब. कोणीतरी पाठीच्या कडेवर कोपर टेकवून आपलं वजन त्यावर सोडावं तसा.

नवरा आणि सासरे आत गेल्यावर सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या, “मला माझ्या सासूबाईंनी बसवलं तेव्हा मी तुझ्याहून लहान होते. मला तर टॅबलेटसुद्धा नव्हता. लोकर दिली होती विणायला.”

“आई, इथे बसायचं म्हणजे काय करायचं?”

“काही नाही. नुसतं बसायचं. मागे वळायचं नाही.” त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “आणि त्याच्याबद्दल बोलायचं नाही.”

“कशाबद्दल?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी आत्ताच घरातलं काहीतरी फोडलं. मग एकदम वेगळ्याच सुरात म्हणाल्या, “मी सँडल मागवलेत. नवीन. मऊ आहेत अगदी. दाखवू?”

त्यांनी पिशवीतून काढून दाखवले. पायात घातले आणि सोफ्यापासून दारापर्यंत चालून आल्या. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

मला त्यांची दया आली. आणि दया आली म्हणून आणखी राग आला. त्यांच्यावर कोणीतरी जे केलं होतं, तेच त्या माझ्यावर करत होत्या, आणि वर नवे सँडल दाखवत होत्या.

६

“तुमच्या घरून फोन होता,” शिट्टी सर मला वर्ग सुटल्यावर म्हणाले. “पुढच्या आठवड्यापासून तुम्ही यायच्या नाहीत म्हणे. सगळं घरून पाठवणार.”

“कोणाचा फोन?”

“तुमच्या मिस्टरांचा. फार अदबीने बोलले. तब्येत नाजूक आहे म्हणाले.” त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “मला तर ठीक दिसताय. जरा चिडलेल्या दिसताय, पण ते चित्राला बरं असतं.”

“सर, मी येणार आहे.”

“आलंच पाहिजे. शनिवारी सकाळी परीक्षा आहे, इथे, माझ्या समोर. घरून चालणार नाही. आला नाहीत तर वर्ष गेलं, आणि तुमच्या मिस्टरांचा सूर ऐकून मला वाटतं पुढच्या वर्षी तुम्हाला कोणी पाठवणार नाही.” मग ते थांबले. “एक विचारू? तुमच्या प्रत्येक चित्रात तो पुढे सरकलेला असतो. मुद्दाम करता का?”

त्या दिवशी वर्गात मी रिकामी खुर्ची काढली होती. निदान मला तसं वाटलं होतं. सरांनी चित्र पुन्हा माझ्यासमोर धरलं. ते गडद खुर्चीच्या मागे नव्हतं. पुढच्या बाजूला होतं, मोकळ्या जागेत, दाराकडे तोंड केलेलं.

“नाही,” मी म्हटलं. “मुद्दाम नाही.”

घरी जाऊन मी नवऱ्याला खोलीत गाठलं. लग्नानंतर मी पहिल्यांदाच दार लावून बोलले.

“तुम्ही कॉलेजात फोन केलात?”

“अगं, तुझ्याच सोयीसाठी.”

“माझी तब्येत नाजूक आहे?”

“चिडतेस काय? आईकडे बघ. किती वर्षं ती या घराबाहेर पडलेली नाही. तिने कधी आवाज चढवला?”

“का पडल्या नाहीत त्या बाहेर?”

तो पलंगावर बसला. मला वाटलं आता सांगेल. लहान मुलासारखा दिसत होता त्या क्षणी, पॅसेज ओलांडायची भीती वाटणाऱ्या. मग त्याने खिशातून फोन काढला आणि त्याकडे बघत म्हणाला, “शनिवारी आम्ही तिघं मावशीकडे जाऊन येतो. आईला इतक्या वर्षांनी बहीण भेटेल. तू एवढं करशील ना? सकाळपुरतं?”

“शनिवारी माझी परीक्षा आहे.”

“टॅबलेटवर दे ना इथूनच,” तो म्हणाला. “त्याचसाठी घेतलाय.”

मी काही बोलले नाही. त्याने ते होकार म्हणून घेतलं. त्याची पारख तशी होती.

७

शनिवारी सकाळी घरात लग्नघराची गडबड होती. सासूबाईंनी ठेवणीतले कपडे काढले होते आणि त्यांना कपाटाचा वास येत होता. सासरे त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते, की बाहेर ऊन आहे, डोळ्यांवर येईल, सावकाश चल. नवऱ्याने माझ्यासाठी टेबलावर पाण्याची बाटली भरून ठेवली. टॅबलेट पुसून ठेवला. मी कॉलेजची बॅग मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते, आणि कोणालाही त्या बॅगेचं आश्चर्य वाटलं नाही. मी बसले होते, तेवढं त्यांना पुरे होतं.

“जेवायच्या आत येतो,” नवरा म्हणाला.

“हं.”

तिघं दाराकडे गेले. मी टॅबलेट उघडला नव्हता. समोर काळी काच होती, आणि काळ्या काचेत सगळं दिसतं. माझा चेहरा दिसला. बांगड्यांचा हात दिसला. माझ्या मागे पॅसेजचं तोंड.

मी डोळे किलकिले केले.

माझा चेहरा विरघळला, खुर्चीची पाठ विरघळली. मागे फिकट होतं. नुसतं फिकट. मी वाट पाहिली. पापण्या आणखी खाली आणल्या. भिंत, ट्यूबलाइटचा पट्टा, आणि कुठेही गडद नाही.

मग मी ते केलं, जे त्या घरात कोणीच कधी केलं नसावं. मी खुर्चीतच वळले आणि मागे पाहिलं. उघड्या डोळ्यांनी, मग किलकिल्या. बाथरूमच्या झरोक्यातून ऊन आलं होतं आणि उजवीकडच्या फरश्यांवर पडलं होतं. त्या फरश्या अगदी कोऱ्या होत्या, नुकत्याच बसवल्यासारख्या. त्यांच्यावरून कोणी चाललंच नव्हतं. एवढंच होतं तिथे. मोकळा पॅसेज, आणि त्याला घाबरून भिंत घासत जाणारं एक घर. मी माझ्या दंडावरच्या निळ्या डागाला हात लावला आणि मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

पाणी आलं की डोळे आपोआप बारीक होतात. मी तशीच पुढे वळले.

दार उघडं होतं. बाहेरच्या उन्हासमोर सगळे नुसते आकार झाले होते. डावीकडे नवरा, किल्ल्या शोधणारा. उजवीकडे सासरे. मध्ये सासूबाई, वाकून सँडलचा पट्टा लावणाऱ्या. आणि त्यांच्यावर, त्यांच्याबरोबरच वाकलेलं, बाहेरच्या सगळ्या उजेडात सगळ्यात गडद. त्यांच्या पाठीपासून ते निघालं होतं आणि मध्ये कड नव्हती. त्या सरळ झाल्या. मागोमाग ते सरळ झालं. चौकटीला डोकं लागेल म्हणून त्याने मान कलती केली.

मी डोळे पुसले. तीन माणसं.

सासूबाई हसत होत्या. “घट्ट झाला वाटतं पट्टा,” त्या म्हणाल्या. “पण मऊ आहे.” त्यांचा चेहरा उन्हात अगदी मोकळा दिसत होता. राहू दे, मला वाटलं. जाऊ देत त्यांना. एक सकाळ तरी बहिणीच्या घरी बसू देत. आपण गप्प राहिलो तर त्यांना कळणारही नाही. मी उशीवर मागे टेकलेसुद्धा.

“बसलीस ना नीट?” नवऱ्याने विचारलं. अजून माझ्याकडे न बघता. मग बापाला म्हणाला, “बघा, म्हटलं नव्हतं? शहाणी आहे.”

मी उठले.

वेत करकरला, या वेळी माझ्यामुळे. सासऱ्यांनी आवाज ऐकून मान वळवली. “अगं, उठू नकोस,” ते म्हणाले, “आम्ही गेल्यावर हवं तर,” आणि मग मी बॅग खांद्याला लावलेली त्यांना दिसली. सासूबाईंच्या चेहऱ्यावरचं ऊन तसंच होतं, पण हसू जागच्या जागी थांबलं.

“बस,” नवरा म्हणाला. हळू, दातांतून. “खुर्ची रिकामी ठेवू नकोस.”

मी चालत खोलीच्या मध्यापर्यंत आले. आवाज कापला नाही. इतके दिवस न वापरल्याने शाबूत राहिला असावा.

“ती रिकामीच आहे,” मी म्हणाले. “मी मागे वळून बघितलं, तिथे कोणी नाही. ते या खुर्चीचं कधी नव्हतंच. आई, ते तुमच्या पाठीला लागून उभं आहे, तुमच्याबरोबर बाहेर निघालंय, आणि मला ते इथून स्वच्छ दिसतंय. आता माझी परीक्षा आहे. तुम्ही चौघं दारातून जरा बाजूला व्हा.”